सात महिन्यांचं बाळ, रात्रीची कोकणकन्या आणि सामान कमी कसं करायचं

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मुलगी सात महिन्यांची, अंगावर पिते आणि वरचं खाणंही सुरू झालंय, ठाण्याहून रात्रीच्या कोकणकन्याने कुडाळ, तिथून रिक्षाने गावच्या घरी. सोबत फक्त सासूबाई आणि त्यांचे गुडघे दुखतात, नवरा चार दिवसांनी चतुर्थीच्या आदल्या दिवशी येणार, मुक्काम दहा दिवसांचा. आणि आत्ताच तीन बॅगा, स्ट्रोलर आणि बाटल्या निर्जंतुक करायचं इलेक्ट्रिक भांडं एवढं झालंय, यातलं काय काढू असं तू विचारतेयस.

मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होते, आता नव्या आयांना अंगावर पाजण्याबद्दल आणि वरच्या आहाराबद्दल सल्ला द्यायचं काम करते, आणि माहेर मालवणकडचं असल्याने ही गाडी, हा पाऊस आणि ही गर्दी मला चांगली ठाऊक आहे. तुझ्यापेक्षा मोठी आहे म्हणून अगंतुगं करते.

पहिली गोष्ट, बॅगा मोजू नकोस, हात मोज. तुझे दोन हात, त्यातला एक बाळाचा. सासूबाईंचे दोन, त्यातला एक दांडीला धरायला लागणार, दुसऱ्यात त्यांची पर्स आणि पाण्याची बाटली एवढंच धर. म्हणजे खरं बघायला गेलं तर तुमच्याकडे मोकळा हात एकच आहे. कुडाळला गाडी जेमतेम दोन-तीन मिनिटं थांबते, चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात दारात माणसं आणि पिशव्या खचाखच असतात, प्लॅटफॉर्म पावसाने ओला असतो, आणि तेव्हा तुला बाळ, सासूबाई आणि सामान या क्रमाने उतरवायचंय. रेल्वे थर्ड एसीत माणशी ४० किलो फुकट नेऊ देते, पण नेऊ देते म्हणून नेलं पाहिजे असं थोडंच आहे. तुला एक पाठीवरची सॅक आणि एक आडवी लटकवायची छोटी पिशवी, इतकंच नेता येणार आहे. त्यात बसेल ते सामान, उरलेलं नवऱ्याच्या बॅगेत. तो चार दिवसांनी दोन मोकळ्या हातांनी येतोय हे तुझ्या सगळ्यात फायद्याचं आहे आणि प्रश्नात तू ते नुसतं जाता जाता लिहिलंयस!

दुसरी गोष्ट याच्याहून महत्त्वाची. सॅक भरायची ती वाटेसाठी, मुक्कामासाठी नाही. बहुतेक आया दहा दिवस मुक्काम म्हणून दहा दिवसांचं भरतात आणि तिथेच सगळं बिघडतं. अगं गावचं घर म्हणजे घरच आहे ना, तिथे पातेली आहेत, गरम पाणी आहे, तांदूळ-डाळ आहे, जुनी मऊ लुगडी आहेत, तुझ्या जाऊबाई आहेत आणि कुडाळसारखी तालुक्याची बाजारपेठ जवळ आहे. काहीच नसतं ते फक्त वाटेत. म्हणून घराचं दार लावल्यापासून गावच्या घराचं दार उघडेपर्यंत किती तास लागतील ते मोज. रात्री साडेनऊला निघालीस, गाडी सकाळी पोचायची पण पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात, त्यात गणपती स्पेशल गाड्यांची भर, त्यामुळे चार-पाच तास उशीर आधीच धरून चाल. म्हणजे झाले साधारण अठरा तास. तुझी सॅक या अठरा तासांची.

आता त्या अठरा तासांचा हिशोब. डायपर दिवसा साधारण तीन तासांना एक, रात्री झोपेत एखादा जास्त वेळ चालतो, शी झाली तर लगेच बदलायचा, असं धरून आठ लागतील, तू दहा घे. पाकीटच्या पाकीट नेऊ नकोस, ते फुगलेलं असतं आणि अर्धी सॅक तेच खातं. डायपर पाकिटातून काढून झिपच्या पिशवीत चपटे ठेव, वरून हाताने दाबून हवा काढ, बघ केवढीशी जागा लागते. दहा दिवसांचे डायपर आत्ता न्यायचेच नाहीत. आजच जाऊबाईंना फोन करून साइझ आणि बाळाचं वजन सांग, एक पाकीट कुडाळहून आणून ठेवायला सांग, हे आठवडाभर आधी सांगायचं कारण चतुर्थीच्या तोंडावर मुंबईची सगळी बाळं तिकडेच येतात आणि नेमका आपला साइझ संपतो.

कपड्यांचं मात्र नीट ऐक कारण इथे कोकणातला पाऊस मधे येतो. भाद्रपदात तिकडे कपडे वाळत नाहीत. पडवीत दोन-दोन दिवस दोरीवर टांगलेले दमटच राहतात, वास येतो, मग चुलीच्या उबेवर नाहीतर इस्त्रीखाली वाळवायचे. त्यामुळे किती जोड न्यायचे ते किती दिवस राहणार यावर नाही, कपडा किती पटकन वाळतो यावर ठरव. मलमल आणि जुनं पातळ सुती कापड पंख्याखाली काही तासांत वाळतं. फ्लीस, जाड होजिअरी, टर्किशचा टॉवेल, अस्तराचे फ्रॉक, जीन्सची ती एवढीशी पँट, हे सगळं काढून टाक. टॉवेलऐवजी पातळ पंचा घे, तो पुसायला होतो, अंगावर पाजताना आडोसा होतो, गाडीत एसीचा झोत अडवायला होतो आणि वाळतोही. सात झबली, सात चड्ड्या, दोन पातळ पायजमे, एक लांब बाह्यांचं आणि पाय झाकणारं, मोजे, टोपडं, चार दुपटी, तीन लाळेरी. एवढं पुरतं. जास्त वाटत असेल तर झबली पाच कर पण दुपटी कमी करू नकोस, दुपटं सगळ्यालाच लागतं. चतुर्थीसाठी नवा ड्रेस न्यायचा तर एकच, खरं म्हणजे तोही नको, पहिल्यांदा बाळ गावी येतंय म्हटल्यावर आत्या-काकू-मामी मिळून ढीगभर कपडे देणार, त्यासाठी जागा ठेव.

भरायची पद्धत सांगते, ही वॉर्डातल्या ट्रेवरून उचललीय आणि गाडीत फार कामी येते. झबलं पालथं घाल, त्यावर चड्डी, त्यावर एक डायपर, घट्ट गुंडाळी कर आणि रबर लाव. ही झाली एक पुडी. अशा चार पुड्या बाहेरच्या पिशवीत. रात्री दोनला दिवे बंद असताना बाळाने शी केली की तुला झबलं कुठे, चड्डी कुठे असं शोधत बसायला नको, एक पुडी काढायची की झालं. संडासात बदलायला जाऊ नकोस, तिथे जागा नसते, ओलं असतं आणि गाडी हलत असते. खालच्या बर्थवरच प्लॅस्टिकची घडी पसर, त्यावर दुपटं, बाळाचं डोकं खिडकीकडे आणि पाय तुझ्याकडे, तू बर्थच्या कडेला आडवी बस म्हणजे बाळ लोळलं तरी तुझ्या अंगावरच येईल. पुसायला ओले वाइप्स घे पण बहात्तरचं पाकीट नको, लहान घे, बाकी कापसाचे बोळे आणि पाणी, घरी गेल्यावर तर पाणीच. वापरलेला डायपर गुंडाळून कागदात आणि मग पिशवीत, दाराजवळच्या कचराकुंडीत टाक, रुळावर नको आणि कमोडमध्ये तर अजिबात नको.

आणि एक, याच पुड्यांबरोबर तुझा एक कुर्ता. पुढून उघडणारा. बाळाचे सात जोड घेणाऱ्या आया स्वतःचा एक वरचा कपडा हाताशी ठेवत नाहीत, आणि बाळाने ओकलं की ते बहुतेक वेळा आईवरच असतं, मग पूर्ण रात्र त्याच आंबट वासात काढायची. सासूबाईंचीही एक साडी वर ठेव, बाळ मांडीवर त्यांच्याही असणार आहे.

खाण्याचं सगळ्यात सोपं, कारण तू अंगावर पाजतेस. रात्रीचा प्रवास आहे, रात्रभर फक्त अंगावरचं, दुसरं काही नको. ते बाटल्या उकळायचं भांडं घरीच ठेव, आणि बाटल्याही ठेव. लागली तर असावी म्हणून घेतलेली एक बाटली आपल्यामागे ब्रश, झाकणं, निपल, साबण, उकळायचं भांडं असं लटांबर घेऊन येते. पाणी द्यायचं तर स्टीलची वाटी आणि चमचा, किंवा बोंडलं, हे धुवायला सोपं आणि उकळत्या पाण्यात टाकलं की काम झालं. सकाळी भूक लागेल त्यासाठी अर्ध्या लिटरच्या थर्मासमध्ये उकळतं पाणी आणि छोट्या डबीत घरची भाजून दळलेली तांदूळ-मूगडाळीची भरड, दोन वेळची. खलबत्ता, पावडरचे डबे, मिक्सर काही नाही. भरड वाटीत घ्यायची, गरम पाणी घालत ढवळायचं, पाच मिनिटं झाकायचं. सोबत दोन पिकलेली केळी, चमच्याने कुस्करली की जेवण. गाडीत गरम पाणी मिळेलच असं धरू नकोस, मिळालं तरी उकळलेलं असेल का ते माहीत नसतं. गावी पोचलीस की मऊ भात, पेज, नाचणीचं सत्त्व, सगळं घरात असतंच.

ज्यांचं बाळ पावडरच्या दुधावर आहे त्यांच्यासाठी हिशोब वेगळा, त्यांना बाटल्या न्यायलाच लागतील. डबा न नेता एका वेळेची पावडर मोजून कोरड्या छोट्या डब्यांत भरा, पाणी थर्मासमध्ये वेगळं, दूध प्रत्येक वेळी ताजं करायचं, निदान ७० अंशांच्या पाण्यात कालवायचं आणि मग कोमट करून द्यायचं, बाळाने तोंड लावून उरलेलं टाकून द्यायचं. घरून दूध तयार करून नेऊ नका, सप्टेंबरच्या दमट हवेत ते लवकर बिघडतं. प्रमाण डब्यावर दिलंय तेच, दूध पुरवायला पातळ करायचं नाही.

औषधांच्या बाबतीत हलकं सामान वगैरे काही ऐकायचं नाही, ही पिशवी पूर्णच न्यायची, तशी ती तुझ्या तळहाताएवढीच होते. डिजिटल थर्मामीटर, पॅरासिटामॉल, ओआरएसची दोन पाकिटं, नाकात घालायचे सलाइनचे थेंब, डायपरच्या रॅशचं झिंक ऑक्साइडचं मलम छोट्या डबीत, नेलकटर. पॅरासिटामॉलचं मुद्दाम सांगते, ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं आणि सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५, दुसऱ्या एका सिरपमध्ये ५ मिलीत २५०. घरात ड्रॉप्स, गावी मेडिकलमधून आणलं सिरप, आणि मिली तेवढेच दिले असं झालं तर औषध फार कमी पडतं, उलट केलं तर चौपट जातं. म्हणून तुझी स्वतःची बाटली, तिचाच ड्रॉपर आणि डॉक्टरांकडून बाळाच्या आजच्या वजनाप्रमाणे किती मिली ते चिठ्ठीवर लिहून घेऊन ती चिठ्ठी बाटलीला रबराने बांध. खोकल्याचं औषध नेऊ नकोस, दोन वर्षांखालच्या मुलांना ते द्यायचं नसतंच. ओआरएस पावडरचंच घे, पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यातच, अर्ध्या ग्लासात नाही, आणि टेट्रापॅकमधलं गोड पेय त्याच्याऐवजी चालत नाही. लसीकरणाच्या कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेव. लस जवळ आली असेल तर निघायच्या तीन-चार दिवस आधीच देऊन टाक म्हणजे ताप आला तरी घरीच येऊन जाईल. बाळ पीत नसेल, सुस्त पडलं असेल, सहा-आठ तास शू झाली नसेल किंवा श्वास जोरात चालत असेल तर गावी वाट बघत बसू नका, जिल्हा रुग्णालय ओरोसला आहे, ॲम्ब्युलन्ससाठी १०८, आणि गाडीत असाल तर १३९.

मच्छरदाणी न्यायची का असं तू विचारलंयस. हो. पावसात डास खूप आणि बाळाला सरसकट मलमं चोपडण्यापेक्षा मच्छरदाणी केव्हाही बरी. पण ती छत्रीसारखी मिटणारी नवऱ्याच्या बॅगेत, आणि चार दिवसांसाठी गावच्या पलंगाची असेल तर जाऊबाईंना धुऊन ठेवायला सांग.

स्ट्रोलर घरीच. गावच्या पाणंदीत, चिऱ्यांच्या पायऱ्यांवर आणि चिखलात त्याची चाकं फिरत नाहीत, तिकडे ते पडवीत कपडे टाकायला वापरतात. त्याऐवजी बेबी कॅरियर, कापडी, कंबरेला पट्टा असलेलं. तुझे दोन्ही हात मोकळे होतात म्हणजे वर मोजला तो हिशोबच बदलतो! बसवताना बाळाचे गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर, मांड्या पसरलेल्या, हनुवटी छातीला टेकलेली नको, नाक-तोंड तुला वरून दिसलं पाहिजे आणि तिच्या डोक्याचा मुका घेता येईल इतकी ती उंचावर हवी. चार दिवस आधीपासून घरात घालून फिर, सवय लागू दे, तिलाही आणि तुझ्या खांद्यांनाही.

खेळणी एक. टबही नको, तिथे घंगाळं आहे आणि नाहीतर आजीचे पाय आहेत. बाळाची वेगळी उशी, गादी, ब्लँकेट नको, थर्ड एसीत चादरी-ब्लँकेट मिळतात, फक्त ते लोकरीचं ब्लँकेट बाळाच्या तोंडाजवळ येऊ देऊ नकोस, तिला तिचं दुपटं आणि ते लांब बाह्यांचं. स्लीपरचं तिकीट असेल तर मात्र एक पातळ गोधडी घे, तिथे काही मिळत नाही. पावडर, काजळ, ग्राइप वॉटर यांना तर मी घरीही जागा देत नाही.

सासूबाई म्हणतील राहू दे गं, लागलं तर असावं. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांच्या वेळी वाटेत काही मिळत नव्हतं आणि त्यांचं म्हणणं काळजीपोटीच असतं. त्यांना वाटणाऱ्या वस्तू नवऱ्याच्या बॅगेत भर, त्यांच्यासमोरच भर, म्हणजे त्यांनाही कळेल की काही राहिलेलं नाही. मात्र एका बाबतीत ठाम राहा, तीर्थ-प्रसादाच्या वेळी कोणीतरी प्रेमाने पंचामृताचं बोट चाटवायला येणारच, त्यात मध असतो आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात चालत नाही, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंनी बोट्युलिझम होऊ शकतो. हे सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेव.

कारने जाणाऱ्यांनी फक्त एवढं लक्षात घ्या, डिकी मोठी आहे म्हणून भरू नका आणि कार सीट मात्र कमी करू नका, मागच्या सीटवर, तोंड मागे करून. बाळ पुढे मांडीवर घेऊन महामार्गाने जाणं मला बघवत नाही. विमानाने चिपीला नाहीतर मोपाला जाणाऱ्यांनी जन्मदाखला हाताशी ठेवा, दोन वर्षांखालच्या बाळाच्या वयाचा पुरावा मागतात, बाळाचं प्रवासापुरतं दूध-पाणी-खाणं हँडबॅगमध्ये नेऊ देतात, आणि उतरताना कान दुखतात तेव्हा बाळाला अंगावर पाजा.

निघायच्या दोन दिवस आधी सॅक पूर्ण भर, पाठीला लाव, बाळ कॅरियरमध्ये पुढे घे, आणि बिल्डिंगचे दोन मजले चढून-उतरून ये. धाप लागली, पट्टा खांद्यात रुतला किंवा वाकून चप्पल उचलता आली नाही तर सॅक जड आहे. मग आधी कपडे कमी कर, नंतर तुझी साबण-शाम्पूची पिशवी, औषधं आणि पुड्यांना हात लावू नकोस. गाडीत सॅक खालच्या बर्थखाली साखळीने बांध, लटकती पिशवी रात्रभर तुझ्या उशाशी, आणि कणकवली गेलं की साखळी काढून बाळाला कॅरियरमध्ये घेऊन सासूबाईंना दाराकडे पुढे पाठव.

परतताना सामान वाढणार आहे, नारळ, कोकमं, आंबोशी, कपडे, हे नाही म्हणता येत नाही. ते सगळं नवऱ्याकडे. तुझी सॅक पुन्हा अठरा तासांचीच भर, त्याच पुड्या, तीच भरड, आणि दमट कपडे वेगळ्या पिशवीत बांधून, नाहीतर घरी पोचेपर्यंत बाकीच्यांनाही वास लागतो.